गाळाचं कुंड

लोक मानपानात कमी पडलं म्हणून भरल्या ताटावरून उठतात; आमचे मामेसासरे नाल्याचा अपमान झाला म्हणून उठत. दिल्लीत आणि दिल्लीच्या आसपास मी अर्धं आयुष्य काढलं. सचिवापासून मेसच्या आचाऱ्यापर्यंत सगळ्या थरांतली मराठी माणसं पाहिली. पण वाहत्या पाण्याच्या बाजूने इतका भांडणारा, आणि त्या भांडणात स्वतःचंच इतक्या पद्धतशीरपणे नुकसान करून घेणारा माणूस दुसरा पाहिला नाही. यात अतिशयोक्ती नाही. मी अतिशयोक्ती करतो तेव्हा आधी तसं सांगतो. एका रविवारी आमच्याकडे पुरणपोळी होती. मामांच्या शेजारी आमच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष, एक बँकेतले नागपूरकर गृहस्थ, जेवायला बसले होते. ते सहज म्हणाले, "त्या गंद्या नाल्यावरचा पूल पाडून नवा बांधतायत म्हणे. चलो, सुटलो एकदाचे." मामांनी हातातला घास ताटात ठेवला. "गंदा कोण? तो, की त्याच्यात सोडणारे आपण?" अध्यक्ष हसले, आणि तिथेच चुकले. "तो नाला नाही, ओढा आहे," मामा म्हणाले. "अरवलीतून येतो. तुमची बँक नव्हती तेव्हापासून येतो." आणि हात धुऊन निघून गेले. माझी बायको माझ्याकडे बघत राहिली, जणू ओढ्यात मीच काही सोडलं होतं.

मामा केंद्र सरकारच्या पाण्याच्या कुठल्याशा खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. नोकरीभर ते सरकारी क्वार्टरमध्ये राहिले आणि निवृत्तीनंतर, मामी गेल्यावर, गुडगावात आमच्या शेजारच्या सोसायटीत फ्लॅट घेऊन आले. तेव्हा गुडगावात मोहरीच्या शेतांतून टॉवर उगवत होते. प्रत्येक बिल्डर आधी एखादं तळं बुजवायचा आणि मग त्यावरच्या इमारतीला त्या तळ्याचं इंग्रजी नाव द्यायचा. मामांच्या सोसायटीच्या माहितीपत्रकात निळंशार तळं होतं आणि त्यात पांढरेशुभ्र हंस. चाव्या घेताना मामांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "फ्लैट तो मिला. हंस का पजेशन कब है?" तिला वाटलं आजोबा थट्टा करतायत. मामा थट्टा करत नव्हते. पुढच्या महिन्यात ते पुन्हा गेले आणि हंस देणार नसाल तर निदान तळं द्या म्हणाले. शेवटी बिल्डरच्या मॅनेजरने त्यांना दिवाळीला काजूकतली पाठवली. मामांनी ती परत पाठवली, वर निरोप: "ये पक्षी नहीं है." चाळीस वर्षं दिल्लीत राहूनही मामांची हिंदी साताऱ्याच्या पुढे सरकली नव्हती, पण कळायची सगळ्यांना. तीच तर अडचण होती.

माणसाची परीक्षा करायची त्यांची एकच कसोटी होती: ह्याच्या घरातलं पाणी शेवटी जातं कुठे? शिक्षण, पगार, पत्रिका या दुय्यम गोष्टी. माझ्या मेहुणीच्या मुलीसाठी दिल्लीतल्या द्वारकेला मुलगा बघायला गेलो होतो. पोहे झाले, मुलाचा पगार मी आडून काढून घेतला, आणि सगळं छान चाललेलं असताना मामांनी मुलाला विचारलं, "तुमच्या मोरीचं पाणी कुठे जातं?" मुलगा गोंधळला. "खाली जातं." "खाली म्हणजे?" "खाली... पाइपात." "आणि पाइप?" मुलाच्या वडिलांनी विषय क्रिकेटकडे वळवायचा प्रयत्न केला, मामांनी तो पुन्हा पाइपात आणला. लग्न झालं, पण मामांमुळे नव्हे, मामांना वगळून. तो मुलगा मात्र चिकाटीचा निघाला. पहिल्या दिवाळसणाला त्याने मामांना वाकून नमस्कार केला आणि उभा राहताराहता मोरीपासून थेट यमुनेपर्यंतचा मार्ग एका दमात म्हणून दाखवला. मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघा जावईबापू," ते मला म्हणाले, "पोरगा शिकण्यासारखा आहे." माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि हे मला एकदाही म्हटलं गेलं नव्हतं.

तर तो पूल. आमची वस्ती आणि जुनी सडक यांच्यामध्ये तो ओढा होता आणि त्यावर एक अरुंद पूल. समोरून ट्रॅक्टर आला की आपण गाडी मागे घ्यायची, ट्रॅक्टर घेत नसे. नवा पूल सगळ्यांनाच हवा होता, मलाही. हप्त्यांवर घेतलेली गाडी उलटी चालवायची मला हौस नव्हती. पुलाच्या खालच्या अंगाला ओढा पसरून सखल जमिनीत शिरायचा. तिथे पाणकणसाचं रान होतं, चिखल होता, आणि हिवाळ्यात कुठून कुठून बदकं येऊन बसत. आम्ही त्याला दलदल म्हणायचो आणि काच वर करायचो. मामांचं सगळं लक्ष त्या दलदलीवर. पावसाचं पाणी तिथे थांबतं, मुरतं, आणि तेच आपल्या बोअरवेलला येतं, असं त्यांचं म्हणणं. पुलाच्या कामात माती, डिझेल आणि सिमेंटचं धुणं ओढ्यात गेलं, की पहिलं हे पाणथळ मरणार. "पूल बांधा, दोन बांधा," ते म्हणत, "पण काम संपल्यावर ही जागा होती तशी मला परत पाहिजे." 'मला' म्हणत, जणू त्यांनी ती कंत्राटदाराला गाद्या-गिरद्यांसारखी भाड्याने दिली होती.

काम सुरू झाल्या दिवसापासून मामा छत्री घेऊन हजर. साइट इंजिनियर रोहतककडचा, तरुण, स्वभावाने गरीब. कंपनीने त्याला पूल बांधायला पाठवलं होतं. मामांबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं. जुना पूल फोडताना तुकडे पाण्यात पडू नयेत म्हणून मामांनी खाली बांबूच्या चटया बांधायला लावल्या. पंपातून डिझेल ठिबकतं म्हणून पंपाखाली पत्र्याचा ट्रे ठेवायला लावला. मिक्सरचा ट्रक ओढ्याच्या काठावर पोट धुवायला आला, तेव्हा मामा त्याच्या मागच्या चाकाला टेकून खुर्ची टाकून बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. "अंकलजी, हटिए ना," ड्रायव्हर म्हणाला. "धोने का है? हमारे ऊपर धो," मामा म्हणाले. ट्रक निघून गेला. आणि पायाच्या खड्ड्यातून उपसलेलं गढूळ पाणी थेट ओढ्यात सोडू नये म्हणून त्यांनी काठावर एक मोठा चौकोनी खड्डा खणायला लावला: पाणी आधी ह्यात थांबेल, गाळ खाली बसेल, मग वरचं निवळलेलं पाणी हळूहळू बाहेर. कडा ढासळू नयेत म्हणून वाळूची पोती पायऱ्यांसारखी रचली. इंजिनियर मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "सर, आपके अंकलजी का कहीं और ट्रान्सफर नहीं हो सकता?"

पावसाळ्यात काम थांबलं. खड्डा पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरला, गाळ तळाला बसला, वर स्वच्छ पाणी. भोवती पायऱ्या. आणि अनंत चतुर्दशी आली.

गणपती ओढ्यात बुडवण्यावरून मामांचं आणि मंडळाचं दरवर्षी वाजायचं. रंग आणि प्लास्टर पाण्यात जातं म्हणून ते मिरवणुकीलाही येत नसत. त्या वर्षीही घरीच बसले. आम्ही ढोल वाजवत पुलापाशी पोहोचलो आणि बघतो तो समोर चौकोनी, पायऱ्यांचं, निवळशंख पाण्याचं कुंड. अध्यक्षांचे डोळे भरून आले. "मामांनी केलं हो हे," ते म्हणाले. "तोंडाने विरोध, पण सोय बघा!" खड्डा कशाचा आहे हे मला माहीत होतं. मी सांगायला तोंडही उघडलं, पण ढोलापुढे माझा आवाज तो काय. शिवाय गणपती ओढ्यात जाण्यापेक्षा खड्ड्यात गेलेला बरा, असा हिशेब मी केला, आणि तो आजही मला बरोबर वाटतो. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष पेढे घेऊन मामांकडे गेले. मामा म्हणाले, "तो गाळ बसवायचा खड्डा आहे." अध्यक्ष म्हणाले, "मामा, तुमचा हाच मोठेपणा."

पुढे आवरणं कोणाच्याच हातात राहिलं नाही. बंगाली मंडळींनी तिथे दुर्गा बुडवल्या. छठला बिहारी बायका त्या वाळूच्या पोत्यांवर उभ्या राहून सूर्याला अर्घ्य देऊन गेल्या. पाऊस संपून काम पुन्हा सुरू झालं, तेव्हा इंजिनियरने खड्ड्यात पंपाचा पाइप टाकला आणि माणसं धावून आली: कुंडात चिखल टाकतो म्हणजे काय? मामांनी दुसरा खड्डा मागितला. इंजिनियरने हात जोडले. "अंकलजी, दूसरा खोदूँगा तो वो भी तीरथ बन जाएगा." शेवटी मामांनी दुसरा खड्डा मुद्दाम वेडावाकडा खणून घेतला आणि त्यावर पाटी लावली: 'यह कुंड नहीं है.' आठवड्याभरात त्या पाटीला झेंडूची माळ चढली.

पूल पुरा झाला. कडेची माती उचलली, चटया काढल्या, ओढा पूर्वीसारखा वाहू लागला. पहिला खड्डा बुजवायचा होता. तो आता कोण बुजवणार? उलट तिथल्या एका पुढाऱ्याने कुंडाला संगमरवर, चारी बाजूंनी घाट आणि पलीकडचं पाणकणीस उखडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा जाहीर केली. म्हणजे वर्षभर कंत्राटदारापासून जपलेलं पाणथळ आता भक्तांच्या पायी जाणार, आणि भक्त जमले मामांच्या खड्ड्यामुळे. मामांचं जेवण तुटलं. रात्रीचं दूध फक्त घेत.

अध्यक्षांनी तोडगा काढला, आणि खरं सांगायचं तर तो उत्तम होता. "मामा, भूमिपूजनाला तुम्हाला स्टेजवर बोलावलंय. फक्त एवढं म्हणा, की त्या पाणकणसात देवाचा वास आहे. कोणाची हिंमत आहे हात लावायची?"

"आहे का वास?" मामांनी विचारलं.

"आता ते कसं सांगायचं..."

"मग मी कसं सांगू?"

"मामा," माझी बायको काकुळतीने म्हणाली, "एक वाक्य तर आहे. तुमचंच तळं वाचेल ना!"

"तळं नाही, पाणथळ," मामा म्हणाले. "आणि जे नाही ते आहे म्हणून मी आजवर एकाही कागदावर सही केली नाही. आता कशाला करू?"

भूमिपूजनाला मामा गेले. गळ्यात हार, शेजारी पुढारी, समोर गर्दी. मामा माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ये कुंड नहीं है. ये गढ़ा है. कीचड़ बैठाने का गढ़ा. मैंने खोदने को लगाया. इसमें पवित्र कुछ नहीं." गर्दीने टाळ्या वाजवल्या. माझ्यामागची एक बाई दुसरीला म्हणाली, "देख, कितने सादे हैं. अपने को कुछ मानते ही नहीं." कुणीतरी पाणकणसाकडे बोट दाखवून ओरडलं, "बाबाजी, और उधर?" मामा चिडलेलेच होते. "उधर पाँव नहीं रखना!" ते गरजले. "कोई भी नहीं. उधर पानी का काम चालू है." आणि हार काढून खाली उतरले.

यातला शब्दन् शब्द खरा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणकणसाच्या कडेने लाल दोरे बांधलेले. आठवड्यात कळकाच्या काठ्या रोवून दोऱ्याचं कुंपण झालं. गाड्यांची जागा सडकेच्या पलीकडे गेली. बाबाजींनी मना केलेल्या जमिनीत जेसीबी घालायला ड्रायव्हरच तयार होईना. मी मामांना म्हटलं, अभिनंदन. ते म्हणाले, "कशाचं? उत्तर बरोबर आलं, रीत साफ चुकली." आणि रीत सुधारायला ते दर रविवारी तिथे जाऊन उभे राहू लागले. जो दोरा बांधायला येईल त्याला पाणी कसं थांबतं, कसं मुरतं, हे समजावून सांगत. लोक अगदी मन लावून ऐकत, मान डोलवत, आणि मग दोरा बांधत. एक बाई तर दर रविवारी यायची. मामांनी तिला जमिनीत बोटाने रेघा ओढून सगळं दाखवलं. तिने त्या रेघांवरची माती कपाळाला लावली.

दोन वर्षांपूर्वी मामांना त्यांच्या मुलाने पुण्याला नेलं. गुडघे गेले होते, एकटं राहणं शक्य नव्हतं. जाताना भांडले नाहीत, तेव्हाच मला कळलं की ते थकलेत. आता सहाव्या मजल्यावर असतात. मध्यंतरी फोनवर मी त्यांना बदकं आल्याचं सांगितलं. मला वाटलं आता पाण्याच्या पातळीवर चौकशी सुरू होणार. पण मामा म्हणाले, "जावईबापू, ती बाई अजून येते का हो?"

"येते ना. दर रविवारी."

"तिला सांगा, दोरा सुताचा असेल, तर माझी हरकत नाही म्हणावं. नायलॉनचा नको. पक्ष्यांच्या पायात अडकतो."

पुढच्या रविवारी मी गेलो आणि निरोप सांगितला. तिने नीट ऐकून घेतला. मग विचारलं, "बाबाजी हैं कहाँ?" मी म्हटलं, पुण्याला. "वो किधर पड़ता है?" मी अंदाजाने दक्षिणेकडे हात केला, पाणकणसाच्या वरून, पार पलीकडे. ती तिकडे वळली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून बराच वेळ उभी राहिली. तिच्यामागे रांगेत असलेल्यांनीही मग तिकडेच हात जोडले.

हे मी मामांना अजून कळवलेलं नाही.