एकोणीस लाखांत दोन मजले

मामाने आमच्या घराचा खर्च सांगितला तेव्हा त्याने टेपसुद्धा उघडली नाही. वीस बाय तीसच्या रिकाम्या प्लॉटवर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालला, चपलेने माती उकरली, दोन्ही बाजूंच्या घरांकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "खाली-वर दोन मजले, चाबी हातात. एकोणीस लाख."

पप्पा हसले. आईने पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. मी पेढा घेतला, पण माझ्या डोक्यात तो आकडा अडकला होता. दोनच दिवसांपूर्वी आम्ही तिघांनी घरी बसून बेरीज केली होती. बँकेचं कर्ज, पप्पांच्या कंपनीतला पीएफ आणि आईची भिशी असं सगळं मिळून एकोणीस लाख होत होते. आमच्याकडे जेवढे होते तेवढ्यातच घर बसत होतं, ना कमी ना जास्त. मी पप्पांना हळूच विचारलं, "मामाला आपण किती जमवलेत ते सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं की. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं.

मामा म्हणजे आईचा सख्खा थोरला भाऊ. दौलताबादजवळच्या गावात राहतो आणि वीस वर्षांपासून रोज मोटरसायकलवरून शहरात येऊन घरं बांधतो. त्याच्या हाताखालून किती घरं गेली असतील ते त्यालाही सांगता येणार नाही. मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या दोन्हीकडच्या घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे माझ्याबद्दल घरात जरा जास्तच विश्वास आहे आणि त्याचंच मला जास्त दडपण येतं. तेव्हा इस्टिमेशन, म्हणजे बांधकामाचा खर्च काढण्याचा विषय, नुकताच सुरू झाला होता. वहीबाहेरचं एकही घर मी मोजलेलं नव्हतं. तरी संशय आला तो आला.

दुसरा मजला आमच्यासाठी हौसेचा नव्हता. पुंडलिकनगरात आम्ही एका खोलीत भाड्याने राहत होतो आणि आईचं गणित साधं होतं. एका मजल्यावर आपण राहायचं, दुसरा भाड्याने द्यायचा आणि त्या भाड्यात बँकेचा हप्ता भरायचा. पप्पांनी स्पष्टच सांगितलं होतं की वरचा मजला होत नसेल तर कर्ज काढायचं नाही, आणि कर्ज नाही तर घर नाही. म्हणजे घर होणार की नाही, हे त्या वरच्या मजल्यावर अवलंबून होतं.

आठ दिवस कॉलेजहून आल्यावर मी हेच काम केलं. प्लॅन काढला, भिंतींची लांबी धरली, खोदकाम, काँक्रीट, वीटकाम, प्लास्टर, रंग असं एकेक कलम मांडलं. दर मी बांधकामाच्या सामानाच्या दुकानात विचारून आणले. दुकानदाराला मी गिऱ्हाईक वाटले नसणार, पण त्याने सांगितले. शेवटी बेरीज तेवीस लाखांच्या वर गेली. मी ती तीनदा केली.

मग मामाला फोन करून म्हटलं, "मामा, तुमचा हिशोब जरा कागदावर देता का? मला कॉलेजात दाखवायचाय." हे खोटं होतं. त्याने एका लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला लिहून दिलं. सिमेंटची पोती, विटा, वाळू, खडी, मजुरी, लाईट आणि नळ. लोखंड तीन टन. माझ्या वहीत लोखंड सव्वाचार टन होतं. आणि त्या पत्रिकेवर एक ओळ नव्हतीच. आमच्या पुस्तकात प्रत्येक इस्टिमेटच्या शेवटी ठेकेदाराचा नफा दहा टक्के धरतात. मामाने स्वतःचा नफा कुठेच लिहिला नव्हता.

ज्याने नफा लिहिला नाही तो नफा घेणारच नाही, असं मला वाटलं नाही. तो कशातून घेणार, एवढंच मी शोधत राहिले.

त्यात आमच्या घरमालकांनी भर घातली. ते जिन्यात बसून पेपर वाचत होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बेटा, मिस्त्री सगा असो की पराया, दुकानदार त्याला पोत्यामागं कमिशन देतोच. लोखंडात तर लई. बिल तुझ्या बापाच्या नावाचं आणि मिठाई मिस्त्रीच्या घरी." मग पुन्हा पेपर वर धरला आणि त्याच्या आडून म्हणाले, "आमच्या वेळी पण असंच झालं. आता बघ, या जिन्याला तडा कुठून गेलाय."

तो तडा मी रोज बघत होते. त्या दिवसापासून मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

रात्रीपर्यंत थांबायचा धीर नव्हता. आई मशीनवर ब्लाऊज शिवत होती, तिथेच मी तिला सांगितलं की मामाच्या कागदावर लोखंड कमी आहे, तेवढ्यावर दोन मजले उभे राहणार नाहीत, आणि मामाचा नफा कुठे आहे ते कळत नाही. तिने मशीन थांबवली नाही.

"म्हणजे माझा भाऊ चोर हाय?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतीस?"

तिने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "तुझं बारसं त्यानं केलंय. तुझी पहिल्या वर्षाची फी भरायला बी तोच आला होता. आता दोन पुस्तकं झाली तर त्याचीच मापं काढायलीस." मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "कमी म्हंजे किती कमी?"

रविवारी मामा आला. आईने त्याला आधी काही सांगितलं होतं की नाही ते मला माहीत नाही, पण बसल्याबसल्या तो म्हणाला, "आणा इंजिनिअरीणबाई, तुमची वही. आम्ही बी शिकू."

मी वही पुढे केली. ती खाली चटईवर ठेवली. त्याने बोट ठेवत एकेक ओळ वाचली. प्लॅनच्या पानावर तो थांबला आणि हसायला लागला. हसू थांबेना म्हणून त्याने कप खाली ठेवला.

"दाजी, हे बघा. पोरीनं चारी बाजूनं खिडक्या काढल्यात. चारी बाजूनं प्लास्टर, चारी बाजूनं रंग." मग माझ्याकडे वळून, "माय, ह्या खिडकीतनं काय बघायचं? शेजाऱ्याची वीट?"

मला कळायला क्षण लागला. आमच्या प्लॉटच्या दोन्ही बाजूंची घरं अगदी हद्दीवर उभी आहेत. आमची भिंत त्यांच्या भिंतीला चिकटूनच येणार. तिथे बाहेरून थापीच काय, हातसुद्धा जाणार नाही. मग प्लास्टर कसलं आणि खिडकी कसली. पुस्तकात सोडवायला दिलेलं घर नेहमी मोकळ्या जागेत उभं असतं, चारी बाजूंनी वारा असलेलं, आणि मी ते तसंच आमच्या गल्लीत आणून ठेवलं होतं. मी जन्मापासून अशाच गल्ल्यांमध्ये राहिले आहे. आमच्या खोलीलाही एकच खिडकी होती. तरीही मी चार बाजूंना खिडक्या काढल्या आणि तीनदा बेरीज करताना एकदाही मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही.

पप्पाही हसत होते. मला जमिनीत जावंसं वाटलं. मी त्या दोन बाजूंच्या खिडक्या खोडल्या, बाहेरचं प्लास्टर आणि रंग खोडला. मामा म्हणाला, "आणि हे दहा टक्के बी खोड. बहिणीच्या घरात नफा घेत नसतेत." मी तेही खोडलं. बेरीज भराभर खाली आली. एकोणीस लाख ऐंशी हजारांवर येऊन थांबली.

"बघ," आई म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता.

तिथे मी गप्प बसले असते तर विषय संपला असता. पण उरलेले ऐंशी हजार कशाचे होते ते मला दिसत होतं.

"मामा, लोखंड," मी म्हटलं. "तुमचं तीन टन. खिडक्या काढल्या तरी माझं सव्वाचारच राहतं."

"पुस्तकात जास्तीच धरत्यात."

"तुम्ही कॉलमला किती जाडीचे गज धरलेत?"

"बारा एमएमचे."

"दोन स्लॅबच्या भाराला?"

पप्पांचं हसू थांबलं. "पाहुणे, बाराचे पुरत नाहीत का?" त्यांनी विचारलं. पप्पा कधीच मामाला थेट प्रश्न विचारत नाहीत.

"इकडं सगळे बाराच टाकत्यात, दाजी. घरं उभी हायत."

"सगळी?" मी विचारलं. मला जिन्यातला तडा आठवत होता.

मामा माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे. मग म्हणाला, "तू सांग, मी किती सांगायला पाहिजे होते?"

"जेवढे लागतात तेवढे."

"तेवढे सांगितले असते तर दाजींनी वरचा मजला काटला असता. मजला नाय तर कर्ज नाय. मग ही," त्याने आईकडे हात केला, "आणखी वीस वर्ष दुसऱ्याच्या जिन्याखाली राहिली असती. दाजी म्हणले एकोणीस हायत, म्या एकोणिसात बसवलं. घर असंच बसवत्यात."

म्हणजे माझा पहिला संशय खरा होता. त्याने प्लॉट मोजलाच नव्हता, आमच्याकडचे पैसे मोजले होते आणि घर त्यात कोंबलं होतं. पण ते स्वतःसाठी की आईसाठी, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. दुकानदाराकडून पोत्यामागे काही मिळतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पप्पा म्हणाले, "मग राहू दे. कर्जच नको." आई उठून ओट्याकडे गेली. तिची पाठ आमच्याकडे होती. तिथूनच तिने विचारलं, "दादा, वरच्या स्लॅबला किती लागत्यात?"

"दीडेक लाख."

"वर पत्रे टाकले तर?"

मामाने बोटांवर मोजलं. "बसतंय. पण पत्र्याला भाडेकरू येत नाय बाई. उन्हाळ्यात भट्टी होती."

"भाडेकरू खाली राहू दे. स्लॅबखाली. आपण वर राहू." मग माझ्याकडे वळली. "कॉलम खालून दोन स्लॅबचेच घालायचे. तू सांगशील तेवढं लोखंड. पुढं-मागं स्लॅब टाकता आला पाहिजे."

मामा म्हणाला, "पत्र्याखाली राहशील?"

"इथं काय राजवाड्यात राहते?"

तसंच झालं. कॉलमला सोळाचे गज आले, ते उतरताना मी एकेक मोजले. मामा मजुरांना म्हणाला, "मॅडम मोजेपर्यंत बसून घ्या." ते बसले, आणि उन्हात मी एकटीच मोजत राहिले. फुटिंगची, म्हणजे कॉलमच्या पायातली, जाळी मी तपासली. कॉलमच्या उभ्या गजांना बाहेरून ज्या चौकोनी रिंगा बांधतात त्या सहा इंचांवर हव्या होत्या. पहिल्याच कॉलमला त्या नऊ-नऊ इंचांवर होत्या. मी टेप लावून दाखवली. मामा म्हणाला, "पोराची चूक," आणि रिंगा सोडून पुन्हा बांधायला लावल्या. मला ती चूकच वाटायला हवी होती, पण वाटली नाही. त्या दिवशी मी पाच कॉलम तपासले. उरलेले चार दुसऱ्या दिवशी भरले. त्या दिवशी माझी प्रॅक्टिकल परीक्षा होती. संध्याकाळी गेले तर काँक्रीट भरून झालं होतं, बाहेरून फळ्या ठोकलेल्या. मामा हात धूत होता. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "सहा इंचावरच हायत, माय."

उन्हाळ्यात आम्ही पत्र्याखाली राहायला गेलो. खाली दोन लहान मुलं असलेलं एक कुटुंब आलं. पहिला हप्ता त्यांच्याच भाड्यातून गेला. आई आता मामाशी पूर्वीसारखीच बोलते. मी मात्र त्याच्याशी बोलताना जरा जपून बोलते, आणि तोही.

परवा खालच्या ताईंनी जिन्यात मला थांबवलं. त्यांच्या कानावर आलं होतं की मी याचंच शिकते. "घर मजबूत हाय ना हो?" त्यांनी विचारलं. त्यांची मुलगी त्यांच्या पदराला धरून उभी होती. मी म्हटलं, "पाच कॉलम मी स्वतः बघितलेत."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे मामांनी बघितलेत," मी म्हटलं.