मिरचीच्या पथारीवरचं कोडं

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. चार बाया मिरचीच्या ढिगाभोवती देठ खुडायला बसवा. संध्याकाळी मिरची गोणीत जाते, किस्से मात्र पथारीवरच, मिरची वाळवायच्या त्या मैदानावर, साठत राहतात.

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. पुड्यांच्या कागदांवर स्वतः वाचायला शिकले, म्हणून रविवारचं शब्दकोडं माझ्या ताब्यात. मिरचीच्या हाताने पेन कोण धरणार? पेपर दगडाखाली, उत्तरं डोक्यात. हात धुतले की मी लिहिणार.

त्या आठवड्याचं कोडं 'प्रसिद्ध सुरुवाती' या विषयावर होतं. आमचं अर्धं लक्ष मात्र आमच्यातल्याच हमीदाच्या फोनकडे. तिच्या नवऱ्याच्या डोक्यातली गाठ सुरतेला काढली होती. डोळे उघडले होते, तोंड नाही. डॉक्टर म्हणाले, बोलेल की नाही, आता सांगता येणार नाही. घरी बसवत नव्हतं, म्हणून ती कामावर आली होती.

*

पहिला क्लू: 'कहाणीतलं नगर, चार अक्षरं'. मी म्हटलं, आटपाट. समोर खुडत बसलेली सिंधू अडून बसली.

"दोंडाईचा लिख ना आक्का. बराबर बसस!"

दोंडाईचा तिचं माहेर. कहाणीतल्या नगराला राजा लागतो, असं मी सुनावलं. तर म्हणे, मन्हा बाप काय कमी शे का?

*

दुसरा क्लू: 'भाषणाची सुरुवात'. यावर सगळ्या एकदम बोलल्या, "मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही."

मागे एक पुढारी पथारीवर येऊन हेच म्हणाला होता. तो थांबला तेव्हा आमच्यावरची सावली पार कुंपणापलीकडे गेली होती. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले आणि विचारलं, "भाऊ, वेळ लिन्हा नहीं ना तुम्ही? मंग मन्ही दुपार कोठे गई?"

तेव्हापासून पुढारी गेटवरूनच हात जोडतात.

*

मग आली पत्राची सुरुवात. सिंधूला जन्मात एकच पत्र आलं, गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्याचं. तेव्हा ती आठवड्याची बाळंतीण. शेजारच्या मास्तरांनी पत्र उघडलं, चष्मा लावला आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली:

"म्हैस व्यायली का?"

*

शेवटचा क्लू, 'नाटकाआधीचं गाणं'. नांदी, मी सांगून टाकलं. नांदी म्हणजे काय, सिंधूने विचारलं. मी म्हटलं, खेळ सुरू होण्याआधीचा पहिला बोल.

तेव्हा हमीदा खाली बघतच म्हणाली, "निकाह की रात इनका पहला बोल था, दरवाजा लगा लो, बिल्ली आएगी."

आम्ही लोटपोट. तीही हसली. मग देठ खुडलेलीच मिरची पुन्हा खुडायला लागली.

*

तेवढ्यात फोन वाजला. खांबाला अडकवलेल्या पिशवीत तो होता. हमीदाचे हात लाल, आमचेही लाल. ती जागची हलेना. शेवटी मी उठले, पिशवी कोपराने उलटी केली, फोन गोणीवर पडला. वाकून नाकानेच हिरवं बटण सरकवलं, नाकानेच स्पीकर लावला. ही विद्याही मला कोणी शिकवलेली नाही.

तिचा मुलगा सलीम होता. "अम्मी, अब्बा को देता हूँ."

मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. पथारीवर एकही हात हलत नव्हता.

"हमीदा," बारीक आवाज आला, "इन लोगों ने दाल में मिर्चीच नहीं डाली."