बी टाकण्याआधीचे आठ दिवस

राबियाखाला मागच्या महिन्यात, शुक्रवारी सकाळी, बेगमपुऱ्यातल्या घरी वारल्या. आजारपण चार दिवसांचं. निरोप त्यांच्या सुनेनं पाठवला. मी पोचलो तेव्हा दफन झालं होतं. वय घरात कुणालाच नक्की सांगता आलं नाही. पंच्याहत्तरीच्या आसपास असावं.

भाजीवाली म्हणून त्या शहरात पुष्कळांना माहीत होत्या. मी लिहितो आहे ते एकाच हंगामाबद्दल, आणि त्यातलं बहुतेक मी स्वतः पाहिलेलं आहे. निजामाच्या राज्याची अखेरची वर्षं होती. माझं घर आणि त्यांचा मळा यांच्यामध्ये फक्त एक विहीर होती. मळा एका जहागीरदाराचा, यांच्याकडं बटईनं, पिकाच्या वाट्यावर होता. नवरा आदल्या वर्षी वारला होता. एकट्या बाईकडं जमीन ठेवायची की काढून घ्यायची, हे जहागीरदाराचे कारभारी त्या दसऱ्यानंतर ठरवणार होते.

राबियाखालांची कामाची पद्धत वेगळी होती. तण उपटत बसणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते पिकात येऊच द्यायचं नाही, यावर त्यांचा भर. वांग्याच्या सरींत वाळकं गवत इतकं जाड अंथरायच्या की माती दिसत नसे. शेणखत पुरतं कुजल्याशिवाय वाफ्यात टाकू देत नसत, कारण कच्च्या शेणातून गवताचं बी येतं. आणि पालेभाजी पेरण्याआधी वाफे बांधून नुसतं पाणी सोडायच्या, बी टाकायच्या नाहीत. आठवडाभरात वरच्या मातीतलं सगळं तण उगवून येई. मग कडक उन्हाचा दिवस बघून ते खुरप्यानं बोटभर खोलीवर खरवडायचं, ते वाळलं की पेरायचं. माती खाली-वर करायची नाही.

कारभारी आले ते नेमके सातव्या दिवशी. चौदाच्या चौदा वाफे घोळीनं आणि रानमाठानं हिरवे झाले होते.

“हे काय पेरलंस, राबियाबी? गवत?”

“व्हय साहेब. आगंतुक आधी जेवून जाऊ द्या, मग घरची माणसं बसवू.”

कारभारी हसले नाहीत. “उद्या नांगर येईल,” म्हणाले.

“नांगर नको साहेब. खाली निजलेलं बी वर येईल. लव्हाळ्याची एक गाठ तुटून धा जागी पडंल.”

“सात पिढ्या लोक नांगरतायत, ते काय खुळे हायत?”

“मी तसं कुटं म्हनलं? पर त्यांच्या बायका सात पिढ्या खुरपतायत की...”

मी विहिरीवर उभा होतो. कारभाऱ्यांचा चेहरा रागानं लाल झालेला मला दिसला, आणि ही बाई आता जमीन घालवते, असं वाटलं. मग त्यांनी मधल्या पाण्याच्या पाटाकडं छडी रोखली. अलीकडचे सात वाफे नांगरायचे, पलीकडचे सात तिनं आपल्या पद्धतीनं करायचे. दोन्हीकडं एकाच दिवशी मेथी. पहिल्या खुडणीला ते स्वतः येणार; पलीकडं तण जास्त दिसलं तर त्याच दिवशी जमीन सोडायची.

“कबूल,” राबियाखाला म्हणाल्या. “पर बी पडल्यावर तवर वाफ्यात कुनी हात घालायचा नाय. मीबी नाय. नायतर उद्या म्हनाल, हिनं चोरून खुरपलं.”

नांगर दुसऱ्या दिवशी आला. त्याच दिवशी आभाळ भरलं. ऊन नसेल तर खरवडलेलं तण ओल्या मातीत परत मूळ धरतं. न खरवडता जास्त दिवस गेले तर ते हाताबाहेर जातं. राबियाखाला दोन दिवस खुरपं मांडीवर घेऊन बांधावर बसून होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. दुपारपर्यंत पलीकडचे सातही वाफे खरवडून झाले, संध्याकाळी तण कोमेजून काळं पडलं, आणि दिवस मावळायच्या आत दोन्हीकडं बी पडलं.

पुढचे पंचवीस दिवस त्यांना सर्वांत जड गेले असावेत. अलीकडच्या वाफ्यांत घोळ मेथीच्या बरोबरीनं उठली, लव्हाळा तर आधीच वर आला. त्या बांधावरून चालायच्या, हात पदरात गुंडाळलेले. पलीकडच्या तिसऱ्या वाफ्यातही रानमाठाचं एक झाड तरारलं होतं. ते बी धरायच्या बेतात आलं तेव्हा मी म्हणालो, “खाला, एवढं एक काढा. कोण बघतंय?”

“मी बघतीय ना,” त्या म्हणाल्या. “तुमी तुमचं पानी भरा.”

कारभारी ठरल्या दिवशी आले. बरोबर आणलेल्या गड्याला त्यांनी दोन्ही बाजूंच्या मधल्या वाफ्यातलं तण उपटायला लावलं. अलीकडच्या वाफ्यातून दोन पाट्या भरून निघाल्या. पलीकडच्या वाफ्यातून दोन ओंजळी.

“इकडं पाणी कमी पडलं असेल,” कारभारी म्हणाले.

“पाट एकच हाय साहेब,” गडी म्हणाला. कारभाऱ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. तो पाट्या उचलू लागला.

जमिनीबद्दल एक शब्द न बोलता ते गेले. राबियाखालांनी त्या दिवशी मेथी खुडली नाही. कुणी हाकलायला येईल म्हणून त्या चार दिवस मळ्यातच राहिल्या, भाकरीही तिथंच खाल्ली. कुणी आलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तोच गडी आला. मी तेव्हा विहिरीवर होतो. निरोप त्यानं उभ्या उभ्या सांगितला: साहेबांच्या घरामागं मुळ्याचे वाफे बांधलेत, नुसतं पाणी सोडलंय, बी टाकलेलं नाही. पुढं किती दिवस थांबायचं, ते राबियाबींना विचारलंय.