पावडरीचा डबा

दिघीतला आमचा किराणावाला लई कमी बोलतो. मी पायरी चढलो की न विचारता माझ्या बायकोच्या अंगाला लावायच्या पावडरीचा डबा काढायचा, बाहीनं पुसून हातात द्यायचा. ती अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. परवा त्यानं मला मोबाइलवर एक फिल्म दाखवली. त्यात सांगत होते, या पावडरीत कॅन्सर करणारं विष हाय हे कंपनीला पहिल्यापासनं ठाऊक होतं, तरी विकत राहिली. फळीवरचे सगळे डबे त्यानं पोत्यात भरले होते.

"काका, काकूंना मीच देत होतो ना?"

"तू दिलास, मी नेला. आपल्याला कुठं म्हाईत होतं?"

तो नुसता बाही चोळत राहिला. मग म्हणाला, "घरातला डबाबी आणून द्या. यातच टाकतो."

"संपला," म्हणालो. खोटं बोललो. अर्धा हाय. तिचा वास आता तेवढ्यातच उरलाय.