न बदलणारा पत्ता

चांदूर बाजारच्या वच्छलाबाईंनी जिनिंगच्या ऑफिसात बावीस वर्षं संगणकावर काटापट्ट्या, म्हणजे कापसाच्या वजनाच्या पावत्या, काढल्या. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि आरडाओरडा, तरी त्यांच्या हातची पट्टी कधी चुकली नाही. त्या निवृत्त झाल्या आणि दीड वर्षात नवऱ्याची, खुशालरावांची, डावी बाजू लकव्याने गेली. मुलगा अमोल पुण्याला नोकरीत. त्याने घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकलं, कॅमेरा जोडून खाटेकडे वळवला. संगणकाचा आयपी पत्ता मोबाइलमध्ये टाकला की स्वयंपाकघरातूनही खुशालराव दिसत.

पण लाइट जाऊन आली की राउटर संगणकाला दुसराच पत्ता देई आणि चित्र नाहीसं होई. मग अमोल सवडीने पुण्याहून नवा पत्ता शोधून सांगणार.

"कायमचा एकच पत्ता देता येत नाई का?" वच्छलाबाईंनी त्याला तीनदा विचारलं होतं.

"येते. पण तुले नाई जमणार, आई. दिवाळीले आलो की करतो."

दिवाळीला पाच महिने होते.

त्या मंगळवारी लाइट जाऊन आली, चित्र गेलं. अमोलला फोन केला, तर तो मीटिंगमध्ये. वच्छलाबाई गच्चीवर डाळ वाळत घालायला गेल्या आणि शेजारच्या माणिकबाईंशी बोलत बसल्या. खाली आल्या तर खुशालराव फरशीवर. पाणी घ्यायला वळताना घसरले होते. फारसं लागलं नव्हतं, पण धोतर ओलं झालं होतं आणि ते बायकोकडे बघत नव्हते. माणिकबाईंना हाक मारली आणि दोघींनी त्यांना उचलून खाटेवर ठेवलं.

वच्छलाबाईंनी पुन्हा फोन लावला. "तुहा बाप अर्धा तास खाली पडून होता. पत्ता कुठं बदलते ते आत्ता सांग."

"आई, काही बिघडवशील तू. हात नको लावू."

त्यांनी फोन कापला. तरातरा जाऊन संगणकापुढे बसल्या. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये शिरून त्यांनी 'मॅन्युअल' निवडलं आणि शेवटी पाच असलेला पत्ता टाकला. बाहेरच्या खोलीतला टीव्ही बंद पडला. तो पत्ता त्याचा होता. राउटरचं पान उघडून पाहिलं, तर राउटर आपणहून शंभरपर्यंतचेच आकडे वाटून देत होता. त्यांनी कोणाच्या वाट्याला न येणारा दोनशे घेतला. चित्र आलं, पण इंटरनेट गेलं. गेटवेच्या रकान्यात, म्हणजे राउटरच्या पत्त्यात, एक आकडा चुकला होता. बावीस वर्षांत न चुकलेला हात आज चुकला, याचाही राग आला. आकडा सुधारला. मग स्वतःच मेन स्विच पाडला, पुन्हा वर केला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तीन मिनिटांनी त्याच पत्त्यावर खुशालराव दिसले.

संध्याकाळी अमोलने विचारलं, "कोणाले बोलावलं होतं? पक्का पत्ता दिसून राहिला."

"कोणाले काहून बोलावीन? बावीस वर्षं मी तिथं माश्या मारत होती काय?"

"मले वाटलं…"

"काय वाटलं ते माईत आहे मले. बापाशी बोल."

फोन त्यांनी खुशालरावांच्या कानाशी धरला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

अमोलवरचा राग चार दिवस टिकला. गच्चीवर गप्पा मारत बसलेल्या स्वतःवरचा मात्र जाईना. त्याबद्दल त्या कोणाशी बोलल्याही नाहीत.