गन सुकू देऊ नको
लोणावळ्यातल्या एका हॉटेलचे बारा दरवाजे स्प्रेने रंगवायचं काम मला मिळालं होतं. सुपरवायझरने बजावलं होतं, ब्रशचा एक ओरखडा दिसला तरी काम दुसऱ्याला. नवी स्प्रे गन घ्यायची माझी ऐपत नव्हती. म्हणून आंदर मावळातल्या एका मावशींकडून जुनी घेतली. त्यांचे मालक पेंटर होते. ते गेल्यापासून कॉम्प्रेसर आणि गन माळ्यावरच पडून होती. "लय जपलीय," मावशी म्हणाल्या. मी काहीएक न तपासता माल टेम्पोत टाकला. शहाणाच मी!

घरी येऊन कॉम्प्रेसरच्या टाकीचं बूच काढलं, तर गंजाचं लाल पाणी. ते धुतलं, पट्टा बदलला, हवा भरायला लागली. पण गनमधून साधी फुंकर येईना. उघडली तर आत पिवळा थर, वाळून डिंकासारखा कडक झालेला. वास घेतला. करडईचं तेल! खायचं तेल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गन थिनरमध्ये बुडवली, पण थांबायला वेळ कुणाला होता? अर्ध्या तासात पक्कड लावून आत चिकटलेली गनची सुई ओढली. सुई वाकली, नोझल चिरलं. तसले पार्ट आता मिळत नाहीत. बारा दरवाजे हातचे गेले.

दुसऱ्या दिवशी गन घेऊन तडक मावशींच्या दारात. "हे काय घातलंत आत?" अंगणातूनच ओरडलो.

"तेल की. दर खंडेनवमीला. कोयत्याला लावतो तसं. ह्यांनी दवाखान्यात सांगितलं व्हतं, गन सुकू देऊ नको."

काम झालं की गनमध्ये थिनर मारायचं, रंग आत सुकू द्यायचा नाही, असं त्या पेंटरला म्हणायचं होतं. मला ते तिथेच कळलं. तरी राग उतरेना.

"माज्या तेलानं मोडली व्हय, दादा?"

"मग काय! तुमच्याच तेलानं."

त्यांनी गन माझ्या हातातून घेतली आणि पदराने पुसली. "आट वर्सं घालत व्हते," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

दोन दिवस थिनरमध्ये भिजली असती, तर सुई बोटाने सुटली असती. हे मला पक्कड उचलतानाही माहीत होतं. त्यानंतर दोनदा त्या गावात कामाला गेलो, त्यांच्या दारावरूनच. दोन्ही वेळा गाडीचा वेग वाढवला.