फडक्याखालची तारीख

क्षयरोग तपासणीच्या पत्रकावर मी वारल्यांच्या लग्नात भिंतीवर काढतात तो देवीचा चौक छापला. नेहमीच्या पत्रकांकडे शहरातल्या या पाड्यावर कुणी बघत नाही, म्हणून त्यांचंच चित्र घेतलं, खाली तारीख टाकली आणि घरोघर वाटायला देऊन टाकलं. पाठही थोपटून घेतली, अर्थात स्वतःच.

शिबिराच्या दिवशी दुपारपर्यंत मी रिकाम्या खुर्च्यांना पंख्याचा वारा दिला. एक्स-रेची गाडी मशीन घेऊन परत गेली, तेव्हा पाय ओढत पाड्यात शिरलो. लखमाबाईच्या कुडाच्या भिंतीवर माझं पत्रक होतं आणि त्यावर धुतलेलं पांढरं फडकं.

"लग्न लागायच्या आधी देवी उघडी ठेवत नाहीत. सगळ्यांनी झाकली," ती म्हणाली आणि खोकत खाली बसली. महिना झाला म्हणे, खोकतेच आहे.

वाऱ्यानं फडक्याचा कोपरा हलायचा, तारखेचा एक आकडा दिसायचा, पुन्हा झाकला जायचा. मागच्या टॉवरच्या सावलीत मी ते बघत बसलो. उठायचंही जिवावर आलं होतं. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातलं उचलून आणायचं, त्याला संस्कृतीचा मान म्हणायचं आणि उंबऱ्यापर्यंतची चाल तेवढी वाचवायची, हे मला किती वर्षं जमत आलंय! ऑफिसपासून हा पाडा दहा मिनिटांवर आहे.

"बाई, उद्या मीच नेतो तुम्हाला दवाखान्यात."

"येईन. पण सांगावा द्यायला देवीला धाडलंस, तुझे पाय काय मोडले होते?"